चाकणचा संग्रामदुर्ग : इतिहास आणि जीर्णोद्धार

गेल्या माघ महिन्यातील एका रविवारी आमच्या घरची सहा माणसे चाकणचा किल्ला पाहावयास निघाली. निमित्त झाले ते धाकट्या बंधूंच्या मुलाचे. शाळेतून त्यास ‘आपल्या परिसरातील एक किल्ला’ ह्या विषयावर टिपण लिहून आणावयास सांगितले होते. वर्गातील बहुतेक मुलांनी लोहगड घेतला, काहींनी शिवनेरी. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या बारांत हे दोन्ही असल्यामुळे मुलांच्या तोंडी तीच नावे असणे साहजिक आहे. आमच्या तीर्थरूपांनी मात्र सुचविले, की चिंचवडास राहणाऱ्याने पाच-सहा कोसांवरचा चाकणचा किल्ला सोडून लोहगडावर टिपण लिहावे हे काही बरे नव्हे. बंधू गेली अठरा वर्षे रोज चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस जातात. परंतु त्या किल्ल्यात त्यांनी एकदाही पाऊल टाकलेले नव्हते. हे ऐकून तीर्थरूपांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेनेच सहलीचा निश्चय झाला म्हणावयास हरकत नाही.

पुण्याहून नाशिकास जाणाऱ्या हमरस्त्यावर चाकणच्या चौकात वाहनांची जी गर्दी होते, तिचे वर्णन ह्या बाजूच्या वाचकांस करण्याची गरज नाही. मोटारींचे सुटे भाग भरलेले ट्रक, कामगारांच्या बसगाड्या, कांद्याच्या गोण्यांनी लादलेले टेंपो, सारे एकमेकांस वाट देत नाहीत व स्वतःही पुढे सरकत नाहीत. त्या गर्दीतून बाहेर पडून, जुन्या गावाच्या गल्लीबोळांतून विचारत विचारत आम्ही एका मोकळ्याशा जागी पोहोचलो. थोडे तटाचे तुकडे, बुरुजांचे अवशेष, एक विष्णूचे मंदिर आणि भोवताली सर्व बाजूंनी रेटून आलेली वस्ती. पुतण्याने चहूकडे पाहिले आणि म्हणाला, “काका, पण किल्ला कुठे आहे?”

“अरे, आपण किल्ल्यातच उभे आहोत.”

त्याच्या चेहऱ्यावर निराशा स्पष्ट दिसली. मुलाचा दोष नाही. किल्ला म्हणजे डोंगर, पायऱ्या, दरवाजा, तोफ आणि वरून दिसणारा प्रदेश, अशीच त्याची कल्पना. चाकणचा किल्ला हा भुईकोट, सपाटीवर उभारलेला. डोंगरी किल्ल्यास निसर्ग तट बांधून देतो. भुईकोटाचे सारे सामर्थ्य माणसाने खणलेल्या खंदकात आणि रचलेल्या भिंतीत. म्हणून तो पडतोही लवकर, आणि पडल्यावर दिसेनासाही लवकर होतो. डोंगर कोणास उचलून नेता येत नाही, पण तटाचा चिरा शेजारच्या घराच्या जोत्यात बसविणे सोपे असते.

सरकारने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात ह्या किल्ल्याचे जे वर्णन आहे ते वाचले म्हणजे एकेकाळी येथे काय होते ह्याची थोडीबहुत कल्पना येते. किल्ला जवळजवळ चौकोनी, कोपऱ्यांस बुरूज, भोवती सुमारे 30 फूट खोल व 15 फूट रुंद खंदक, त्यात पाणी केवळ उत्तरेच्या बाजूस. आत शिरावयास वाट एकच, ती पूर्वेकडून, आणि ती पाच-सहा दरवाज्यांमधून. तटाबाहेर मातीचे आणखी एक बांधकाम होते. ते कोणा हबशी सरदाराने तेराव्या शतकाच्या अखेरीस उभारले, अशी स्थानिक समजूत त्याच ग्रंथात नोंदलेली आहे. गावाच्या नावाविषयीही एक कथा आहे. दशरथ राजाच्या रथाचे चाक येथे निखळून पडले, म्हणून हे चाकण. आणि गावातील प्राचीन देवालय ते चक्रेश्वराचे. ह्या कथा खऱ्या की खोट्या ह्यात आम्ही पडत नाही. गाव फार जुने आहे एवढे त्यांवरून समजावे.

येथेच किल्ला का, हा प्रश्न मात्र पुतण्याने विचारला आणि तो योग्य होता. आज येथे कारखाने का आले ह्याचे उत्तर आणि तेव्हा येथे किल्ला का झाला ह्याचे उत्तर पुष्कळसे एकच आहे. पुण्याहून जुन्नराकडे व नाशिकाकडे जाणारी वाट येथून जाते. अहमदनगराकडून पुण्यास येणाऱ्या रसदेवर येथून नजर ठेवता येते. आणि पश्चिमेस घाट उतरले की कोकण. बंधूंच्या कारखान्यातील माल ज्या सोयीने बाहेर जातो, त्याच सोयीसाठी सुलतानांनी येथे ठाणी बसविली.

पंधराव्या शतकाच्या मध्यास बहामनी सुलतान दुसरा अल्लाउद्दीन ह्याचा सरदार मलिक-उत्-तुजार ह्याने चाकण येथे तळ करून कोकण जिंकण्याची मोहीम काढली. शिर्के राजाने वाट दाखविण्याच्या मिषाने त्यास घोर अरण्यात नेले व तेथे तो सैन्यासह बुडाला. जे जीव घेऊन निसटले ते चाकणच्या किल्ल्यात येऊन राहिले. परंतु दरबारातील दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरले, आणि अभयाचे वचन देऊन बाहेर आणलेल्या त्या लोकांची कत्तल झाली. परदेशी व दख्खनी असा जो तंटा बहामनी राज्याच्या मुळाशी लागला होता, त्यातील हा एक भयंकर प्रसंग होय. पुढे १४८६ च्या सुमारास मलिक अहमद ह्याने, म्हणजे निजामशाहीच्या संस्थापकाने, चाकण हस्तगत केले. ह्यानंतर निजामशाहीतून तो भोसल्यांच्या जहागिरीकडे आला, आणि मग आला तो पुरुष, ज्याच्यामुळे चाकणचे नाव मराठी माणसाच्या कानावर पडते.

फिरंगोजी नरसाळा हा शहाजीराजांच्या जहागिरीत चाकणचा किल्लेदार होता. १६४७ मध्ये दादोजी कोंडदेव निवर्तल्यावर शिवाजी महाराजांनी जहागिरीतील किल्ले एकेक करून स्वतःच्या अंमलाखाली घेतले, तेव्हा फिरंगोजी त्यांस मिळाला. महाराजांनी किल्ला त्याच्याच हाती ठेवला आणि आसपासच्या गावांचा कारभारही सोपविला. तेरा वर्षे बहुधा शांततेत गेली. १६६० च्या मे महिन्यात औरंगजेबाचा मामा शाएस्तेखान पुण्यात येऊन बसला. पावसाळा तोंडावर आला होता. अहमदनगराकडून धान्य आणावयाचे तर वाटेत चाकण आडवे. खान १९ जूनला पुण्याहून निघाला व २१ जूनला त्याने चाकणास वेढा घातला.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ह्याच वेळी स्वतः महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहराच्या वेढ्यात अडकले होते. १२ जुलैच्या रात्री ते निसटले, आणि बाजीप्रभूंचा तो अमर प्रसंग घडला. पन्हाळा ते विशाळगड हा मार्ग प्रत्येक मराठी मुलास पाठ आहे. परंतु त्याच दिवसांत, त्याच पावसात, पाऊणशे कोसांहून दूर एक किल्लेदार मोगली फौजेच्या गराड्यात लढत होता, आणि त्यास कुमक मिळण्याची आशा जवळजवळ नव्हती, हे आपण सहसा सांगत नाही. धन्याच्या सुटकेची वार्ता तरी फिरंगोजीपर्यंत पोहोचली असेल काय, असे तीर्थरूपांनी तेथे उभे असताना विचारले. आम्हांपैकी कोणास उत्तर देता आले नाही.

खानाने किल्ल्याभोवती मोर्चे लावले, दमदमे उभारले, मोठाल्या तोफा चढविल्या. तटावरून तोफा, बाण व बंदुका चालूच होत्या. पावसाने खंदक भरलेले, चर तुंबलेले. दारू कोरडी ठेवणे हीच मोठी कामगिरी. अखेरीस ईशान्येच्या बुरुजाखाली, खानाच्या स्वतःच्या मोर्चासमोर, भुयार नेण्यात आले. १४ ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास सुरुंग उडाला. बुरूज त्यावरील शिपायांसह आकाशात गेला.

बुरूज उडाला म्हणजे किल्ला पडला, अशी मोगलांची कल्पना असावी. ते खिंडाराकडे धावले, तो खिंडाराच्या आत दुसरा मातीचा उंच बांध तयार! किल्ल्यातील लोकांनी सुरुंगाचा सुगावा लागल्यावर, पडणाऱ्या बुरुजाच्या मागे, माती लोटून आडोसा उभा केलेला होता. त्याच्या आडून त्यांनी दगड, दारूचे गोळे, हाताला येईल ते फेकले. त्या दिवशी मोगलांस आत शिरता आले नाही. चिखलरक्तात, तटाच्या पायथ्याशीच त्यांनी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, पुन्हा हल्ला करून त्यांनी तट काबीज केला. उरलेले लोक आतील बालेकिल्ल्यात गेले व थोड्या वेळाने बुंदीचा राव भावसिंह हाडा ह्याच्या मध्यस्थीने किल्ला स्वाधीन झाला. मोगलांकडील नोंदीप्रमाणे त्यांचे 268 लोक ठार व 600 जखमी झाले. मराठ्यांकडील मृतांची मोजदाद कोणी केली नाही.

हा वेढा कोणी 54 दिवसांचा म्हणतात, कोणी 56 दिवसांचा. दिवस कोठून कोठवर धरावयाचे एवढाच तो वाद, त्यासाठी भांडण नको. महत्त्वाचे आहे ते पुढचे. खानाने फिरंगोजीच्या शौर्याची वाखाणणी करून त्यास बादशाही चाकरीत येण्याविषयी सुचविले. त्याने ते नाकारले. खानाने त्यास सन्मानाने जाऊ दिले. आणि किल्ला गमावून आलेल्या ह्या किल्लेदाराचा महाराजांनी गौरवच केला, असे मराठी परंपरा सांगते. ग्रँट डफ साहेबानेही १८२६ च्या आपल्या इतिहासात हीच हकिकत दिलेली आहे. पुढे भूपाळगडाची किल्लेदारी फिरंगोजीकडे आली. ह्या वेढ्याचा धडा शाएस्तेखानानेही घेतला. एका भुईकोटास दोन महिने लागले, तर डोंगरी किल्ल्यांस किती लागतील, हा हिशेब करून तो पुण्यास परतला आणि लाल महालात राहिला. तेथे १६६३ च्या एप्रिलमध्ये काय झाले ते सर्वश्रुत आहे.

मोगलांनी चाकणचे नाव इस्लामाबाद ठेवले. ते लोकांच्या तोंडी बसले नाही. पुढे सत्तांतरे झाली. १८१८ मध्ये कर्नल डीकन ह्याच्या फौजेने किल्ला घेतला, आणि त्यानंतर त्याचे लष्करी प्रयोजनच उरले नाही. प्रयोजन संपलेल्या वास्तूचे जे होते तेच झाले. गाव वाढत गेले. खंदक जागोजाग बुजला. वडापिंपळांच्या मुळ्या तटात शिरल्या. १९६० नंतर पिंपरी-चिंचवडला आणि पुढे चाकणला कारखानदारी आली. जमिनीचा भाव चढला आणि किल्ल्याभोवतीची जागा अधिकच आक्रसली. अलीकडच्या काळात राज्याच्या पुरातत्त्व विभागाने तटाच्या जतनाचे काम हाती घेतले. स्थानिक तरुण मंडळीही किल्ल्याविषयी जागरूक झाली आहेत, हे आनंदाने नमूद केले पाहिजे.

आता ज्या प्रश्नावरून त्या दिवशी आमच्या घरात परतीच्या प्रवासभर वाद झाला तो असा, की ह्या किल्ल्याचा जीर्णोद्धार करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे?

बंधूंचे मत स्पष्ट. “पूर्ण बांधून काढावा. दरवाजे उभे करावेत, उडालेला बुरूज पुन्हा रचावा, खंदकावर पूल टाकावा. मुलाला किल्ला दिसला नाही, तो दिसेल असा करावा.” वहिनींनी, म्हणजे बंधूंच्या पत्नीने, त्यांस दुजोरा दिला, आणि त्यांचे म्हणणे आम्हांस अधिक वजनदार वाटले. त्या म्हणाल्या, “भाऊजी, जे पडके दिसते त्याला लोक उकिरडा समजतात. भिंत धड असली की तिच्याशी कचरा टाकायला माणूस कचरतो. तुम्ही अवशेष म्हणता, शेजारचा माणूस मोकळी जागा म्हणतो.” हे ज्याने आपल्याकडील गावांतील जुने चौथरे पाहिले आहेत तो कोणी नाकारणार नाही.

शिवाय आपल्या परंपरेत जीर्णोद्धार हा पुण्याचा भाग आहे. पडलेले देऊळ पडलेलेच ठेवून त्याचे कौतुक करावे, ही कल्पना आमच्या आजोबांस समजली नसती. अहिल्याबाईंनी काशीस जे केले, सोमनाथाचे नवे देवालय होऊन १९५१ मध्ये तेथे जी प्रतिष्ठापना झाली, त्यामागे हीच श्रद्धा. परंतु देवालयात देव राहतो. त्याची पूजाअर्चा चालू ठेवावयाची तर छप्पर हवे, गाभारा हवा. किल्ल्यात आज कोण राहतो? तेथे जे जपावयाचे ते एक घडून गेलेले कर्म होय, आणि त्या कर्माची खूण दगडांवर जशी उमटली तशीच ती आपल्या हाती आली आहे. म्हणून देवळाचा नियम किल्ल्यास सरसकट लावता येईल असे आम्हांस वाटत नाही.

पूर्ण बांधून काढलेल्या किल्ल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडात आहे, ते येथे सांगण्याजोगे आहे. त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, समुद्राचे तीन फाटे जेथे मिळतात तेथील लहानशा बेटावर, एलन डोनन नावाचा किल्ला आहे. १७१९ मध्ये तेथे बंडवाल्यांच्या साहाय्यास आलेले काही स्पॅनिश शिपाई होते. इंग्रजी आरमाराच्या तीन जहाजांनी त्यावर मारा केला, किल्ला घेतला आणि आत सापडलेल्या साठ्यातील दारूची 27 पिंपे लावून तो उडवून दिला. त्यानंतर दोनशे वर्षे तो ढिगारा होऊन पडला होता. मग ज्या मॅक्रे घराण्याकडे पूर्वी किल्ल्याची राखण होती, त्याच घराण्यातील एका लष्करी गृहस्थाने बेट विकत घेऊन १९१२ पासून १९३२ पर्यंत, वीस वर्षे खपून, किल्ला पुन्हा उभा केला. जुना किल्ला कसा होता हे तेथल्या मुख्य गवंड्यास स्वप्नात दिसले, अशी आख्यायिका तेथे मोठ्या प्रेमाने सांगतात. आज जगभरचे प्रवासी तो पाहावयास जातात, चित्रपटांत तो झळकतो, आणि त्या देशाचे प्रतीक म्हणून त्याची छायाचित्रे छापली जातात.

पण किल्ला उद्ध्वस्त होण्यापूर्वी, १७१४ मध्ये, एका सैनिकी मोजणीदाराने काढलेला त्याचा आराखडा उपलब्ध आहे, आणि आजचा किल्ला त्याबरहुकूम नाही. म्हणजे प्रवासी जो पाहतो तो मुख्यतः विसाव्या शतकातील एका कुटुंबाच्या पूर्वजभक्तीचा किल्ला होय. ती भक्ती थोर आहे, त्यात वाद नाही. वीस वर्षे स्वतःचा पैसा खर्चून पूर्वजांची वास्तू उभी करणे हे आपल्यापैकी किती घराण्यांना जमले? तथापि त्यांच्याजवळ निदान घराणे होते, बेट होते, आणि शेजार नव्हता. चाकणचा किल्ला कोणा एका घराण्याचा नाही, आणि त्याच्या उंबऱ्याशी शेजाऱ्यांची घरे आहेत.

आपल्याकडे ह्या बाबतीत शंभर वर्षांपूर्वीच विचार झालेला आहे. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल ह्यांनी १९२३ मध्ये जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी एक नियमपुस्तिका लिहिली. तिचे सार असे, की मोडका असला तरी मूळ कारागिराच्या हातचा दगड हा नव्या, गुळगुळीत, सुबक बांधणीपेक्षा अधिक मोलाचा. आधार द्यावा, पडझड थांबवावी, पण तर्काने नवे रचू नये. चाकणच्या बाबतीत हा नियम विशेषच लागू पडतो, असे आमचे मत आहे. इतर किल्ल्यांचा पडलेला बुरूज म्हणजे काळाने केलेली हानी. चाकणचा ईशान्येचा बुरूज काळाने पाडलेला नाही. तो १४ ऑगस्ट १६६० रोजी दुपारी उडाला, आणि तो उडाल्यानंतरही आत एक दिवस लढाई चालली. तो कोपरा पुन्हा गोल, उंच, काळ्या दगडात बांधून दिला तर पाहणाऱ्यास बुरूज दिसेल, पण फिरंगोजी दिसणार नाही.

हे आम्ही बंधूंस सांगितले. ते म्हणाले, “मग मुलांनी मोकळ्या जागेकडे पाहत बसायचे?” मग त्यांनी स्वतःच तोडगा काढला, की निदान तेथे एक शिळा बसवून त्या दिवशी काय झाले ते मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि सुरुंग कोठून आला ते जमिनीवर फरशीने दाखवावे. हे आम्हांस पूर्ण मान्य आहे.

कसे बांधावे ह्याविषयीही चार शब्द लिहिणे भाग आहे. कारण त्याचा अनुभव आमच्या घरातच आला. आमच्या चिंचवडच्या जुन्या घराची मागील भिंत चुन्याची. काही वर्षांपूर्वी तिचे पोपडे निघू लागले म्हणून आम्ही एका ठेकेदाराकडून तिला सिमेंटचा गिलावा करून घेतला. भिंत वर्षभर नव्या नवरीसारखी दिसली. तिसऱ्या पावसाळ्यात आतल्या बाजूने ओल फुटली, चौथ्यात लोणा लागला, आणि पाचव्यात गिलाव्याचा मोठा पत्रा आतल्या विटेचे साल घेऊन गळून पडला. मग एक म्हातारा गवंडी शोधून आणला. त्याने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, “हिचा श्वास कोंडला होता, दुसरे काही नाही.” सारे सिमेंट खरवडून काढावयास त्यास तीन आठवडे लागले.

गवंड्याचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना होतो, तो पाण्यात विरवितात, वाळू किंवा विटांची सुरखी घालून घाणीत मळतात. जुने कारागीर त्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर घालीत. हा चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा दगड बनतो. ह्या क्रियेस महिने, कधी वर्षे लागतात. तो सच्छिद्र असतो म्हणून भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते, आणि भिंत किंचित हलली तरी तो सांभाळून घेतो. सिमेंट लौकर घट्ट होते. पण ते चुन्याच्या मऊ भिंतीवर चढविले की पाणी आत अडकते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी साठतात, आणि सिमेंट टिकून राहते पण दगड झिजतो. तटाची भिंत तर दोन बाजूंस घडीव दगड आणि पोटात भर, अशी असते. तिच्या माथ्यातून पाणी आत शिरले की पोट फुगते व बाहेरचा दगड सुटतो. म्हणून तटाच्या जतनातील पहिले काम दर्शनी भागाचे नसून माथ्याचे. वरून पाणी शिरणार नाही अशी चुन्याची जड थापी, पाणी निघून जावयास वाट, आणि पिंपळाची रोपटी नुसती छाटून न थांबता मुळासकट मारणे. हे काम छायाचित्रात दिसत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही, आणि ते दरवर्षी करावे लागते.

ह्या सर्वांहून निकडीचे काम आमच्या मते खंदकाचे. भुईकोटास तटाइतकाच खंदक महत्त्वाचा. किंबहुना खंदक दिसला नाही तर तट हे नुसते कुंपण वाटते. पुतण्यास किल्ला ‘दिसला’ नाही ह्याचे खरे कारण हेच होते. जेथे जेथे खंदकाची रेषा अजून मोकळी आहे, तेथील माती उपसून ती पूर्वीच्या खोलीपर्यंत न्यावी, तेथे नवे बांधकाम होऊ देऊ नये. असे केले तर एक चिराही न रचता किल्ला डोळ्यांपुढे उभा राहील. ह्यास पैसा लागेल, त्याहून अधिक लागेल ती अप्रिय होण्याची तयारी. कारण खंदकाच्या कडेस राहणारे लोक काही शत्रू नव्हेत, पिढ्यान् पिढ्या तेथे नांदणारी कुटुंबे आहेत, आणि त्यांचा योग्य विचार झाल्यावाचून हे काम होणार नाही, होऊही नये. येथे चारचाकी गाड्यांचे मोठमोठे कारखाने आहेत. समाजकार्यासाठी नफ्याचा ठरावीक हिस्सा खर्चण्याचे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर घातले, आणि वारशाचे जतन हा त्या खर्चाचा मान्य विषय आहे. अठरा वर्षे ह्या गावात नोकरी करणाऱ्या बंधूंनी आपल्या कारखान्यात हा विषय काढावयाचे कबूल केले आहे. वहिनींनी त्यांना त्याची दोनदा आठवणही करून दिली आहे.

पुतण्याचे टिपण लिहून झाले. गॅझेटियरातील वर्णनावरून त्याने किल्ल्याचा नकाशा काढला आहे. खंदकाच्या उत्तरेच्या बाजूस तेवढा निळा रंग दिला आहे. त्यावर तीर्थरूपांनी शंका काढली, की अजूनही तेथे पाणी साठते की काय हे पाहिल्यावाचून असे रंगविणे बरे नाही. तेव्हा आषाढात, वेढा पडला त्याच दिवसांत, पाऊस चालू असताना पुन्हा चाकणास जावयाचे ठरले आहे. छत्र्या, गुळपोळ्या व तीर्थरूपांसाठी एक घडीची खुर्ची, एवढी तयारी वहिनींनी आपल्याकडे घेतली आहे.